योता कालव्याची संथ बोटयात्रा: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या जूनमध्ये सासूबाई, नवरा, लेक आणि मी असे चौघं स्वीडनला जाऊन आलो. गोथेनबर्ग ते स्टॉकहोम असा चार दिवसांचा प्रवास, पूर्ण पाण्यातून, तळी आणि कालवे ओलांडत. परत आल्यापासून रंकाळ्यावर फिरताना, लग्नाच्या पंगतीत, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला अर्धंच सांगून होतं आणि दूध संपायच्या आत पुढं जावं लागतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

क्रूझ म्हणजे समुद्रातली मोठी बोट ना?

नाही. शेवटचा थोडा भाग सोडला तर समुद्र लागतच नाही. स्वीडनच्या पोटातून, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत, एक पाण्याची वाट जाते. आधी गोथेनबर्गहून नदीनं वर जायचं, मग ट्रोलहेटे कालव्याची सहा लॉक (बोटीला वरखाली नेणारे पाण्याचे हौद, त्यांच्याबद्दल पुढं सांगते) चढून वेनर्न या तळ्यात. वेनर्न आपल्या डोळ्यांना तळं वाटणारच नाही. साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही. ते ओलांडलं की शोटोर्प या गावी खरा योता कालवा सुरू होतो. (स्वीडिश लोक योता म्हणतात, इंग्रजी वाचून आलेले गोटा म्हणतात. दोन्ही तेच.) हा कालवा १९० किलोमीटरचा. त्यातला ८७ किलोमीटर माणसांनी खणलेला, बाकीची तळी निसर्गाची. त्यात ५८ लॉक. शेवटी मेम या ठिकाणी पाणी बाल्टिक समुद्राच्या खाडीला मिळतं.

आमचं जहाज म्हणजे लाकडी कठड्यांचं, बुटकं, जुन्या घाटणीचं. तिथं धावणाऱ्या तीन जुन्या जहाजांपैकी 'युनो' १८७४ सालचं आहे, 'विल्हेल्म थाम' १९१२ चं आणि 'डायना' १९३१ चं. तिन्ही लॉकच्या मापानं बांधलेली. लॉक साधारण सात मीटर रुंद आणि जहाज त्याहून जेमतेम कमी. दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरत नाही. कठड्यावरून हात बाहेर काढायची सक्त मनाई आहे, मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

लॉक म्हणजे काय? बोट चढ कसा चढते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मला सगळ्यांत जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याला बंधारा कळतो. सगळ्या महाराष्ट्रात ज्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो आपल्याच नावाचा. दगडी खांब, खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी तटतं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, नदी मोकळी. आता असा विचार करा, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक बोट उभी आहे आणि तिला वरच्या फुगवट्यात जायचंय. काय कराल? बरगे काढले तर वरचं सगळं पाणीच वाहून जाईल.

लॉकवाल्यांनी काय केलं, तर एकाच्या मागं एक असे दोन बंधारे घातले आणि मध्ये बोट मावेल एवढा हौद ठेवला. दोन्हीकडं दरवाजे. बोट खालच्या दरवाजातून हौदात येते. तो दरवाजा मिटतो. मग वरच्या दरवाजातल्या झडपा उघडतात आणि वरचं पाणी हौदात उतरतं. पाणी चढतं तशी बोट चढते. हौदातलं पाणी आणि वरचं पाणी एका पातळीला आलं की वरचा दरवाजा आपोआप सैल पडतो, उघडता येतो. बोट पुढं. उतरताना हेच उलटं.

दरवाजाची दोन पाखं सरळ रेषेत मिटत नाहीत. वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून, छपरासारखी मिटतात. त्यामुळं वरून पाण्याचा जोर जितका जास्त तितकी पाखं एकमेकांवर घट्ट दाबली जातात. पाणीच दार लावून धरतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच भारानं उघडतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथं त्याच्या उलट, भारानं मिटतात. सासूबाई मूळच्या राधानगरीकडच्या. लॉकच्या कडेला उभ्या राहून त्यांनी पहिल्याच दिवशी हे ओळखलं, मला कुणी तरी समजावून सांगावं लागलं.

मग एवढं पाणी वर न्यायला पंप किती मोठा लागतो?

पंपाची गरजच नाही. सगळं उताराचं पाणी. कालव्याचा माथा म्हणजे वीकेन हे तळं, समुद्रसपाटीपासून ९१.८ मीटरवर, म्हणजे सुमारे ३०० फूट. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी आपल्याला तोंडपाठ आहे, ४३ फूट. त्याच्या सातपट उंची बोट चढून जाते, तीही माथ्यावरून उतरणाऱ्या पाण्याच्या जिवावर. वीकेनच्या पश्चिम तोंडाशी टोटोर्पला लॉक आहे, ते आजही हातानं चालवतात. बोरेन्सबेर्यचंही. बाकीच्या ठिकाणी लॉकवरची माणसं, बरीचशी कॉलेजातली मुलं-मुली, बटणं दाबून दरवाजे हलवतात.

हा कालवा कुणी बांधला आणि कशासाठी?

बाल्त्सार फोन प्लातेन नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं. तेव्हा बाल्टिकमधून पश्चिमेला जाणाऱ्या जहाजांना डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून जावं लागे आणि डेन्मार्क तिथं जकात घेई. देशाच्या मधूनच वाट काढली तर ही कटकट टळेल, शिवाय आतल्या भागात कारखाने येतील, शेतमाल हलेल, असा त्यामागं विचार होता. स्कॉटलंडचे इंजिनिअर टॉमस टेलफर्ड यांना १८०८ साली बोलावून पाहणी केली. काम १८१० मध्ये सुरू झालं, दहा वर्षांत उरकेल असा अंदाज होता, लागली बावीस. सुमारे ५८,००० सैनिक या कामावर राबले. हातात लाकडी फावडी, टोकाला लोखंडाची पट्टी. दिवसाला बारा तास. खडक लागला की सुरुंग. पश्चिमेचा भाग १८२२ मध्ये खुला झाला, पूर्वेचा २६ सप्टेंबर १८३२ ला.

तो दिवस प्लातेननं पाहिला नाही. तो १८२९ च्या डिसेंबरात गेला. मोतालाला, कालव्याच्या काठावरच त्याची समाधी आहे. जहाज तिच्याजवळून जातं, फार हळू जातं, आणि कुणी न सांगता डेकवरचं बोलणं थांबतं. त्या क्षणी मला शाहू महाराज आठवले. राधानगरीचं स्वप्न त्यांचं, ते गाव त्यांनी वसवलं, धरणाचं काम त्यांनी सुरू केलं, आणि १९२२ मध्ये ते गेले तेव्हा भिंत अर्धवट होती. पूर्ण झाली ती स्वातंत्र्यानंतर. आज आपल्या जिल्ह्यातला ऊस कुणाच्या पाण्यावर उभा आहे हे आपल्याला माहीत आहे. पाण्याची कामं करणाऱ्या माणसांच्या नशिबी हे का येतं, कोण जाणे. सासूबाईंनी समाधीच्या दिशेनं हात जोडले. शेजारच्या जर्मन आजींनी कारण विचारलं, लेकीनं त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत शाहू महाराज सांगितले.

एक सांगायला हवं. ज्या जकातीसाठी एवढा खटाटोप, ती डेन्मार्कनं १८५७ मध्ये रद्दच केली. पाठोपाठ रेल्वे आली आणि मालवाहतूक तिकडं वळली. कालवा तरीही बुजवला नाही कुणी. जपला, म्हणून आज आपण जाऊ शकतो.

रंकाळ्यावर बोट आहे, तापोळ्याला आहे, केरळ आहे. एवढ्या लांब कशाला?

तापोळ्याला जाच. कोयनेच्या शिवसागर जलाशयातली ती फेरी मला आजही प्रिय आहे. अलप्पुळाच्या हाऊसबोटीही सुंदर आहेत, आणि खर्चाच्या मानानं केरळ कधीही परवडतं. पण या सगळ्या ठिकाणी बोट एकाच पातळीवर फिरते. आपली धरणं आणि बंधारे पाणी अडवतात, बोटीला पलीकडं जाऊ देत नाहीत, कारण ते सिंचनासाठी बांधलेत. पाणी अडवायचंही आणि नाव पलीकडंही जाऊ द्यायची, ही कला बघायची असेल तर लॉक असलेल्या कालव्यावर जावं लागतं. पंचगंगेकाठी वाढलेल्या माणसाला ते बघताना जे वाटतं ते इतरांना वाटेल की नाही, सांगता येत नाही.

केव्हा जावं? मे महिन्याच्या सुट्टीत जमेल?

कालवा मे ते सप्टेंबर चालतो. मेमध्ये थंडी असते आणि फेऱ्या मोजक्या. खरा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे इकडं वळीव संपून धूळवाफ पेरण्या उगवून आलेल्या असतात, तेव्हा तिकडं उन्हाळा. मुलांची शाळा आठवडाभर बुडते, हे खरं. आम्ही बुडवली.

उन्हाळा म्हटला तरी आपला नव्हे. दुपारी वीस-बावीस अंश. सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि चारला पुन्हा उगवतो. मधल्या वेळातही आभाळ पुरतं काळं होत नाही. झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या. जूनच्या उत्तरार्धात त्यांचा मिडसमर सण असतो, तेव्हा दुकानं बंद असतात, पण काठाकाठानं फुलांचे मुकुट घातलेली माणसं दिसतात.

चार दिवस बोटीवर? कंटाळा नाही येत?

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लेक (वय १३) "अजून किती?" विचारत होती. दुसऱ्या दिवसापासून नाही विचारलं. कालव्यात वेग पाच नॉट, म्हणजे तासाला नऊ किलोमीटर. काठावरून सायकलवाली माणसं आपल्याला मागं टाकतात आणि हात करतात. काठानं जी पायवाट जाते तिच्यावरून पूर्वी बैल आणि घोडे बोटी ओढत. हे ऐकल्यावर आमच्या घरात सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती बैलांची जोडी केवढी असेल यावर.

शिवाय सारखं उतरायला मिळतं. बेर्यला सात लॉक एकाला एक लागून आहेत, पायऱ्यांसारखी, जवळपास १९ मीटरचा उतार. जहाज ते उतरेपर्यंत माणसं खाली उतरून व्रेताच्या जुन्या मठापर्यंत चालत जाऊन येतात. आम्ही तिघं गेलो. सासूबाई लॉकच्या काठावरच्या बाकावर बसून राहिल्या आणि सातही लॉक बघितली. मठ चांगला आहे, पण त्यांनी जे बघितलं ते जास्त चांगलं होतं, असं आता वाटतं. खाली रोक्सेन तळं पसरलेलं, आणि त्यात उतरणारं जहाज एकेक पायरी खाली खाली.

बोरेन्सबेर्यजवळ तर कालवा रस्त्यावरून जातो. खालून मोटारी, वरून आपण. फोर्सविकचं लॉक १८१३ सालचं, या कालव्यावरचं सगळ्यांत जुनं. तिथं खडक फोडून केलेली अरुंद वाट आहे आणि जहाज तीतून जाताना झाडांची पानं डेकवर पडतात.

आमच्या आप्पांचा गुडघा दुखतो. त्यांना जमेल का?

जुन्या जहाजांवर लिफ्ट नाही. जिने उभे आणि अरुंद. केबिन रेल्वेच्या डब्यासारखी, वरखाली दोन बर्थ आणि एक हात धुवायचं बेसिन. संडास-बाथरूम बाहेर, सामाईक. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि चालणाऱ्या आहेत, त्यांना जमलं. आप्पांना दोन जिने चढता येत असतील तर न्या, खालचा बर्थ मागून घ्या. चढता येत नसेल तर मात्र हट्ट करू नका, त्यांच्यासाठी एका दिवसाच्या बोटी बऱ्या. त्यांची माहिती खाली दिली आहे.

पाण्याची भीती वाटते. बोट लागते का?

कालव्यात अजिबात नाही, पाणी परातीतल्यासारखं स्थिर. वेनर्न आणि वेटर्न या मोठ्या तळ्यांत मात्र वारा सुटला तर जहाज हलतं. वेटर्न १२८ मीटरपर्यंत खोल आहे, पाणी काचेसारखं, आणि त्याचं वागणं लहरी. तासाभरात लाटा उठतात. आलेपाक आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी जवळ असू द्या.

खायचं काय? तिखट मिळतं का?

जहाजावर तिन्ही वेळचं जेवण तिकिटातच असतं. मासे भरपूर, तेही धुरावलेले, शिवाय नवे बटाटे, शेपू, स्ट्रॉबेरी. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा. तिखट नसतं. आम्ही घरची कांदा-लसूण चटणी आणि भडंग नेलं होतं. भडंग डेकवर काढलं आणि अर्ध्या तासात पुडा संपला, स्वीडिश काकांनी दोनदा हात पुढं केला.

महत्त्वाचं: भारतातून युरोपात दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप, सुकं मटण, यातलं काही बॅगेत घालू नका. विमानतळावर काढून घेतात. चहापूड न्या, त्यांचा चहा फिकट. पण दुपारची त्यांची 'फीका' चुकवू नका. कॉफी आणि दालचिनीचा पाव घेऊन सगळे शांत बसतात. नळाचं पाणी पिण्याचं असतं.

व्हिसा आणि खर्च?

शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण हंगामात दोन-तीन महिने हातात ठेवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो. ३०,००० युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचं. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि तिथून एक विमान बदलून गोथेनबर्ग.

जहाजाचे दर दरवर्षी बदलतात, म्हणून आकडा देत नाही. स्वस्त नाही एवढं स्पष्ट सांगते. विमानाच्या तिकिटाहून जास्त. आम्ही त्यासाठी चार वर्षं भिशी लावली आणि घराचा रंग पुढं ढकलला. तिकडं रोख रक्कम जवळपास कुणी घेत नाही, परदेशात चालणारं कार्ड न्या.

जहाज परवडलं नाही तर?

तरी जा, कालवा सगळ्यांचा आहे. स्टॉकहोमहून रेल्वेनं दोनेक तासांत लिनशोपिंग, तिथून बेर्य अगदी जवळ. लॉकच्या कडेला गवतावर बसून दिवसभर बोटी चढताना-उतरताना बघायला पैसे पडत नाहीत. उन्हाळ्यात बेर्य ते बोरेन्सबेर्य अशा एका दिवसाच्या बोटी असतात, त्यात पुरेशी लॉक अनुभवायला मिळतात. सायकल भाड्यानं घेऊन काठानं जाता येतं, रस्ता सपाट आहे. माझ्या मते तरुण जोडप्यांनी हेच करावं.

आम्ही सहा मित्र. स्वतः बोट चालवायची आहे.

मग योता कालवा पहिल्यांदा नको. इथं बहुतेक जण स्वतःच्या शिडाच्या बोटी घेऊन येतात, त्यांना दोर फेकणं, बांधणं सवयीचं असतं. चढत्या लॉकमध्ये पाणी जोरात आत येतं, एकानं आधीच काठावर उतरून दोर कडीत ओवावा लागतो आणि दुसऱ्यानं बोटीवरून तो सतत ओढून धरावा लागतो. वर वेटर्न ओलांडायचं असतं ते वेगळंच.

नवख्यांनी फ्रान्सचा कनाल द्यु मिदी बघावा. तिथं भाड्याच्या बोटी परवान्याशिवाय, तासाभराच्या शिकवणीवर मिळतात. २४० किलोमीटरचा, १६६६ ते १६८१ या काळात बांधलेला, जागतिक वारसा यादीत असलेला. त्याचा कर्ता पिएर-पॉल रिके कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये गेला. तोही.

एजंटकडून बुकिंग करताना काय विचारावं?

तीन गोष्टी लेखी घ्या. केबिन कोणत्या डेकवर, बाथरूम आत की बाहेर, आणि जहाज पोचल्यावर पुढचं विमान किती तासांनी. आम्हाला एका प्रवासी कंपनीनं बाथरूम केबिनमध्येच आहे असं सांगितलं होतं आणि स्टॉकहोमला पोचल्या संध्याकाळचंच विमान काढून दिलं होतं. लॉकवर रांग लागली, जहाज उशिरा पोचलं, विमान गेलं. नवी तिकिटं खिशातून. कालव्यावरच्या प्रवासानंतर एक रात्र मोकळी ठेवा, ठेवाच.

सामान?

लहान मऊ बॅग. कडक मोठी सुटकेस केबिनच्या दारातून वळत नाही. रबरी तळव्याचे बूट, स्वेटर, पातळ रेनकोट. साडी नेसून जिने चढणं अवघड जातं, सासूबाईंनी चारही दिवस पंजाबी ड्रेस घातला.

जाण्याआधी मुलांना काय दाखवावं?

घरात पिंप, बादली आणि नळी घेऊन दोन पातळ्या करून दाखवा, लॉक पाच मिनिटांत कळतं. आणि दिवाळीच्या सुमाराला गावाजवळच्या बंधाऱ्यावर बरगे घालायला माणसं आली की मुलांना घेऊन जा. एकेक बरगा खाचेत सरकतो, फटींतून पाणी फुसफुसतं, मग हळूहळू आवाज बंद होतो आणि वरच्या अंगाला पाणी चढायला लागतं. आमची लेक या वर्षी दोन तास उभी होती. घालणाऱ्या मामांना तिनं विचारलं, "यातून होडी कशी जाईल?" मामा म्हणाले, "होडी न्यायची तर उचलून न्यायची, बाळ." ती घरी येऊन कागदावर दोन बंधारे काढत बसली.